२८ टेस्लाचं चुंबक आणि भिवंडीची नळी: एनएमआरची यंत्रं जगभर वाटून का वापरतात?

आधी एक प्रयोग करा. फोनमध्ये सेन्सरचे आकडे दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप टाका आणि त्यात मॅग्नेटोमीटर उघडा. मोकळ्या मैदानात आकडा साधारण ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास दिसेल. हे पृथ्वीचं चुंबकत्व. मॅप्समध्ये तुम्ही कुठे तोंड करून उभे आहात, हे फोनला यावरूनच कळतं. मी हाच प्रयोग भिवंडीत एका ओळखीच्यांच्या लूमच्या कारखान्यात केला. मोटारीजवळ फोन नेला की आकडा वेड्यासारखा उड्या मारायला लागला आणि होकायंत्राचा बाण गरगर फिरला.

आता मोठा आकडा. २०२० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स विद्यापीठाच्या केंद्रात एक चुंबक सुरू झालं. त्याची ताकद २८.२ टेस्ला, म्हणजे तुमच्या फोनने मैदानात दाखवलेल्या आकड्याच्या जवळपास सात लाख पट. असं चुंबक वापरून रेणूंचा आतला नकाशा काढणाऱ्या तंत्राला एनएमआर म्हणतात, म्हणजे न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स. ही यंत्रं इतकी महाग आणि सांभाळायला इतकी अवघड असतात की श्रीमंत देशसुद्धा ती वाटून वापरतात. आणि या वाटून वापरण्याच्या इतिहासात आपल्याकडची नावं बरीच आधीपासून आहेत.

आधी ‘न्यूक्लियर’ची भीती काढू

आमच्या घरात काकूंना एमआरआय करायला सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “त्यात ते अणुबॉम्बवालं काही नसतं ना?” प्रश्न चुकीचा नव्हता. एमआरआय हे एनएमआरचंच भावंड आहे, आणि दवाखान्यात पेशंट घाबरू नयेत म्हणून नावातला ‘न्यूक्लियर’ शब्द गाळून टाकला गेला. इथे न्यूक्लियरचा अर्थ फक्त अणूचं केंद्रक. काही फुटत नाही, किरणोत्सर्ग होत नाही.

होतं काय, ते बघा. हायड्रोजनचं केंद्रक एखाद्या इवल्याशा चुंबकासारखं आणि भोवऱ्यासारखं वागतं. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की ते एका ठराविक वेगाने डोलू लागतं. क्षेत्र जितकं जोरदार, तितका वेग जास्त. हिशोब सोपा आहे: १ टेस्लाला सुमारे ४२.६ मेगाहर्ट्‌झ. पृथ्वीच्या क्षेत्रात हे डोलणं सेकंदाला सतराशे-अठराशे वेळा होतं, म्हणजे त्याचा आवाज केला तर तो चक्क आपल्या कानाला ऐकू येईल इतका खाली. दवाखान्यातल्या १.५ टेस्लाच्या एमआरआयमध्ये तो आकडा ६४ मेगाहर्ट्‌झवर जातो, म्हणजे एफएम रेडिओच्या थोडं खाली. २१.१ टेस्लाला ९०० मेगाहर्ट्‌झ, आणि फ्लॉरेन्सच्या चुंबकात १२००.

९०० हा आकडा ओळखीचा वाटला? मोबाइलचा एक जुना बँड तिथेच आहे. एनएमआरवाले यंत्राचं नाव चुंबकाच्या टेस्लावरून ठेवत नाहीत, या रेडिओच्या आकड्यावरून ठेवतात. “आमच्याकडे ८०० आहे” असं एखाद्या प्रयोगशाळेने सांगितलं, तर समजायचं ८०० मेगाहर्ट्‌झ.

शंभर लूममधला एक आवाज

हे डोलणं मोजून रेणूबद्दल काय कळतं? इथे भिवंडीचं उदाहरण चांगलं लागू पडतं. कारखान्यात शंभर लूम एकदम खडखडत असतात. नवख्या माणसाला तो नुसता गोंगाट. पण मुरलेला मिस्त्री दारात उभा राहून सांगतो, तिसऱ्या ओळीतला चौथा लूम वेगळा वाजतोय. एनएमआर तेच करतं. रेणूतले सगळे हायड्रोजन सारखेच, पण प्रत्येकाचे शेजारी वेगळे. त्या शेजाऱ्यांच्या इलेक्ट्रॉनमुळे प्रत्येकाचा सूर किंचित, दहा लाखात काही भाग इतका, सरकतो. यंत्र रेडिओलहरीचा एक झटका देतं, सगळे हायड्रोजन एकदम ‘वाजतात’, आणि संगणक त्या गोंगाटातून एकेक सूर वेगळा काढतो.

गोंगाटात लूम शंभर असतील तर ठीक. एखाद्या प्रोटीनमध्ये हायड्रोजन हजारोंच्या संख्येने असतात. सूर एकमेकांवर चढतात, काही कळेनासं होतं. इथे जोरदार चुंबक लागतं. क्षेत्र वाढवलं की दोन सुरांमधलं अंतर त्याच प्रमाणात वाढतं. शिवाय सिग्नलही मोठा होतो, आणि तो फायदा नुसता प्रमाणात नाही, त्याहून जास्त असतो. कागदावरच्या हिशोबाने ४०० वरून १२०० वर गेलात, तर सिग्नल सुमारे पाच पट सुधारतो. तेवढाच स्वच्छ सिग्नल छोट्या यंत्रावर मिळवायचा तर पुन्हापुन्हा मोजून बेरीज करत बसावं लागतं, आणि त्याला सुमारे सत्तावीस पट वेळ जातो. एका तासाचं काम सव्वा दिवस. प्रत्यक्षात इतर घटकांमुळे फरक पडतो, पण प्रयोगशाळा मोठ्या चुंबकामागे का धावतात, ते यावरून कळेल.

माझा स्वतःचा अनुभव यातल्या सर्वांत खालच्या पायरीवरचा आहे. एमएस्सीला असताना आमच्या कॉलेजात एनएमआर नव्हतं. बनवलेला पदार्थ पाच मिलिमीटरच्या काचेच्या नळीत घालून बाहेर पाठवायचा आणि रिपोर्टची वाट बघायची. नळीत द्रावण जेमतेम अर्धा मिलिलिटर. आठवड्यांनी आलेल्या कागदावर ७.२६ ला एक झकास उभी रेघ दिसली आणि मी आनंदाने उडालो: पदार्थ बनला! सरांनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “अरे, हा तर क्लोरोफॉर्म आहे.” म्हणजे ज्यात विरघळवलं होतं, त्याच द्रावकाचा सिग्नल. पदार्थ बनलाच नव्हता. पुन्हा नळी, पुन्हा रांग. यंत्र आपल्या आवारात नसण्याची किंमत मला तिथे कळली. चूक दहा मिनिटांत लक्षात आली असती, तिला दीड महिना लागला.

स्टॅनफर्ड, कुलाबा, झुरिक

१९४६ मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी वेगवेगळ्या ठिकाणी एनएमआर सिग्नल पकडला. त्यासाठी १९५२ चं नोबेल त्यांना वाटून मिळालं. पण रसायनशास्त्रज्ञांचं लक्ष खऱ्या अर्थाने वेधलं ते १९५१ च्या एका छोट्या शोधनिबंधाने. स्टॅनफर्डला ब्लॉख यांच्या गटात साध्या अल्कोहोलचा, म्हणजे इथेनॉलचा एनएमआर घेतला गेला आणि एका रेघेऐवजी तीन दिसल्या. एक ओएचच्या हायड्रोजनची, दुसरी मधल्या दोघांची, तिसरी टोकाच्या तिघांची, आणि रेघांखालच्या क्षेत्रफळांचं प्रमाणही १ : २ : ३. रेणूचा आकार रेडिओवरून वाचता येतो, हे त्या चित्राने दाखवलं. निबंधावर तीन नावं आहेत: अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड. मधले एस. एस. धर्मट्टी भारतीय. ते पुढे परत आले आणि मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, म्हणजे टीआयएफआरमध्ये, त्यांनी एनएमआरचा गट उभा केला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत इथेनॉलचा आलेख असतो. त्यातला एक हात नंतर कुलाब्यात काम करत होता, हे मला एमएस्सी संपेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. १९७१ मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियात एक उन्हाळी अभ्यासवर्ग भरला होता. तिथे बेल्जियमचे जाँ जेनेर यांनी एक कल्पना मांडली: सूर एकाच रेघेवर न मांडता दोन अक्षांवर मांडायचे. उभे धागे आणि आडवे धागे, आपल्या ताण्या-बाण्यासारखे, आणि जिथे दोन सुरांचा संबंध असेल तिथे कापडावर ठिपका. जेनेर यांनी ही कल्पना रीतसर छापलीसुद्धा नाही. त्या वर्गाला गेलेल्या एका विद्यार्थ्याने ती झुरिकमध्ये आपले सर रिचर्ड अर्न्स्ट यांना सांगितली आणि अर्न्स्ट यांनी तिचं तंत्र बनवलं. नेटवर पीडीएफ नव्हती, व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. कल्पना माणसाच्या डोक्यात बसून ट्रेनने गेली.

त्याच अर्न्स्ट यांच्याकडे भारतातून अनिल कुमार गेले होते. १९७५ मध्ये कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट यांनी एनएमआरमधून चित्र काढण्याची जी पद्धत मांडली, ती आजच्या एमआरआयच्या पायात आहे. मग १९८० मध्ये कुमार, अर्न्स्ट आणि कुर्ट व्युथ्रिख यांनी तो उभ्या-आडव्या धाग्यांचा प्रयोग एका प्रोटीनवर केला. त्यात ठिपका दिसला की समजायचं, ते दोन हायड्रोजन एकमेकांपासून साधारण ५ अँगस्ट्रॉमच्या आत आहेत. ५ अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा वीस लाखावा भाग. असे शेकडो ठिपके गोळा केले की प्रोटीन कसं गुंडाळलेलं आहे, हे हिशोबाने काढता येतं. कोण कुणाच्या शेजारी राहतं एवढंच शेकडो लोकांना विचारून गावाचा नकाशा काढावा, तसं. १९८५ मध्ये व्युथ्रिख यांच्या गटाने एका प्रोटीनची पूर्ण रचना या मार्गाने मांडली. अर्न्स्ट यांना १९९१ मध्ये नोबेल मिळालं, व्युथ्रिख यांना २००२ मध्ये. अनिल कुमार परत येऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवत आणि काम करत राहिले.

या दोन्ही गोष्टींत यंत्र परदेशात होतं आणि माणूस इथून गेला. पुढचा टप्पा म्हणजे यंत्रच इथे आणणं. १९८० च्या दशकात टीआयएफआरमध्ये ५०० मेगाहर्ट्‌झचं यंत्र आलं आणि उच्च क्षमतेच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. गिरजेश गोविल, रामकृष्ण होसूर अशा शास्त्रज्ञांनी ती वाढवली, आणि पुढे ८०० मेगाहर्ट्‌झपर्यंतची यंत्रं आली. ‘राष्ट्रीय सुविधा’ या शब्दाचा अर्थ महत्त्वाचा आहे: यंत्र एका संस्थेच्या आवारात असलं, तरी देशातल्या इतर ठिकाणच्या संशोधकांनीही वेळ मागायचा. भिवंडीहून कुलाबा पन्नासेक किलोमीटर. अंजूरफाट्याचा ट्रॅफिक धरला तर अर्धा दिवस. तरी झुरिकपेक्षा बरं.

देशसुद्धा वाटून का घेतात?

पैसा हे कारण आहेच, पण एकटं नाही. या चुंबकातली तार अतिवाहक असते. एकदा करंट सोडला की ती बंद वाटोळ्यात वर्षानुवर्षं फिरत राहते, विजेचं बिल न भरता. अट एकच, तार सतत अतिथंड राहिली पाहिजे. साध्या यंत्रात उणे २६९ अंश, सगळ्यात मोठ्या यंत्रांत त्याहूनही खाली. म्हणून ती द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवतात. काही कारणाने तार तापली तर अतिवाहकता जाते आणि सगळा हेलियम उकळून निघून जातो. १ लिटर द्रवाचा सातशेहून जास्त लिटर वायू होतो.

हेलियम कारखान्यात बनवता येत नाही. तो नैसर्गिक वायूच्या विहिरींतून निघतो, तोही मोजक्या देशांत: अमेरिका, कतार, अल्जीरिया, रशिया. २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी कतारच्या सीमा बंद केल्या, तेव्हा तिथले हेलियमचे कारखाने काही काळ थांबले आणि जगभरच्या प्रयोगशाळांना घाम फुटला. भारत जवळजवळ सगळा हेलियम बाहेरून आणतो. म्हणून टीआयएफआरसारख्या संस्था उडालेला वायू गोळा करून पुन्हा द्रव करतात.

जाता जाता फोनवाल्यांसाठी एक खरी गोष्ट. २०१८ मध्ये शिकागोजवळच्या एका दवाखान्यात एमआरआय बसवताना हेलियम गळला आणि तिथले चाळीसेक आयफोन आणि अ‍ॅपल वॉच एकदम बंद पडले. अँड्रॉइडवाल्यांचे फोन मात्र ठणठणीत. कारण असं की त्या आयफोनमध्ये वेळ मोजायला क्वार्ट्‌झऐवजी सूक्ष्म सिलिकॉनचा कंपक होता, आणि हेलियमचे अणू इतके बारीक की ते त्याच्या बंद डबीत शिरले. घड्याळ बिघडलं, फोन थांबला. काही दिवसांनी वायू निघून गेल्यावर बरेच फोन आपोआप सुरू झाले.

यंत्रं बनवणारेही थोडेच. जुन्या मोठ्या नावांपैकी एका अमेरिकन कंपनीने २०१४ मध्ये एनएमआरचा धंदाच सोडला. आता मुख्य उरले ब्रुकर आणि जपानची जेओल. जपानने १०२० मेगाहर्ट्‌झचं चुंबक बांधायला घेतलं, तर मध्येच २०११ चा भूकंप झाला आणि वर हेलियमची टंचाई आली. शेवटी २०१५ मध्ये ते चुंबक झाल्याचं जाहीर झालं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या राष्ट्रीय चुंबक प्रयोगशाळेने आणखी वरची पायरी गाठली: ३६ टेस्ला, म्हणजे सुमारे १५०० मेगाहर्ट्‌झ. पण ते चुंबक निव्वळ अतिवाहक नाही. चालू असताना १४ मेगावॅट वीज घेतं. साध्या लूमला एक हॉर्सपॉवरची मोटर धरली, तर अठरा हजारांवर लूम एकदम चालावेत एवढी. अर्थातच असं यंत्र चोवीस तास चालत नाही, आणि प्रत्येक देश ते बांधणार नाही.

मग करतात काय? टॅलाहासीत जगातला कुठलाही संशोधक अर्ज करू शकतो. निवड झाली तर यंत्राचा वेळ मोफत मिळतो, अट अशी की निष्कर्ष प्रसिद्ध करायचे. युरोपात आयनेक्स्ट-डिस्कव्हरी आणि पॅनेसियासारख्या योजनांमधून एका देशातल्या गटाला दुसऱ्या देशातल्या यंत्रावर वेळ मिळू लागला. संशोधक विमानाने जातो, किंवा नुसती नळी कुरियरने जाते आणि तो घरी बसून लॅपटॉपवर प्रयोग चालवतो. हे दुसरं प्रकरण कोविडच्या काळात चांगलंच वाढलं.

कोविडचंच बघा. २०२० मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या गोएथे विद्यापीठाने पुढाकार घेतला आणि अनेक देशांतले एनएमआर गट एकत्र आले. विषाणूची प्रोटीनं आणि आरएनएचे तुकडे त्यांनी आपसांत वाटून घेतले. एकाने एक बनवायचं, दुसऱ्याने दुसरं मोजायचं, आणि निष्कर्ष निबंध छापून येण्याची वाट न बघता सगळ्यांसाठी खुले ठेवायचे. प्रोटीन प्रयोगशाळेत कसं बनवायचं, याच्या कृतीही त्यांनी जाहीर केल्या. एरवी अशी कृती गट वर्षानुवर्षं जपून ठेवतात, घरच्या मसाल्यासारखी.

या सहकार्याची एक बाजू मला खटकते, तीही सांगतो. मोफत वेळ मिळवायला आधी चांगला अर्ज लागतो, अर्जाला आधीचा चांगला डेटा लागतो, आणि तो डेटा काढायला जवळ एखादं बरं यंत्र लागतं. ज्याच्याकडे ४०० आहे, त्याला ८०० मिळतं. ज्याच्याकडे काहीच नाही, तो नळी घेऊन उभा राहतो. शिवाय प्रोटीनचा एनएमआर घ्यायचा तर त्यात बहुतेक वेळा जड कार्बन आणि जड नायट्रोजन भरावे लागतात, आणि ते स्वस्त नाहीत. दार उघडं आहे, पण उंबरठा उंच आहे.

फोनवर काय बघता येईल

एक गोष्ट मात्र खरोखर सगळ्यांसाठी सारखी आहे: डेटा. जगभरात एनएमआरने काढलेले सूर बीएमआरबी नावाच्या कोठारात ठेवले जातात. ते अमेरिकेत आहे आणि जपानमध्ये त्याची जोडशाखा आहे. रचना प्रोटीन डेटा बँकेत जातात, ती १९७१ पासून चालू आहे. दोन्हींना लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत.

फोनच्या ब्राउझरमध्ये प्रोटीन डेटा बँक उघडा, ‘युबिक्विटिन’ हे नाव इंग्रजीत टाका आणि शोधाच्या गाळणीत पद्धत म्हणून एनएमआर निवडा. एखादी नोंद उघडून त्रिमितीय चित्र बोटाने फिरवा. सगळी मॉडेलं एकत्र दाखवायचा पर्याय निवडलात, तर एका प्रोटीनऐवजी एकावर एक ठेवलेली दहा-वीस दिसतील. मधला भाग सगळ्यांचा जुळतो, आणि शेपटीकडे धागे सुटलेल्या कापडासारखे सगळीकडे पसरतात. ती फोनची चूक नाही. त्या शेपटीतल्या हायड्रोजनना पक्के शेजारी नाहीत, त्यामुळे ठिपके कमी मिळतात. मोजमापात बसणाऱ्या जितक्या शक्यता उरतात, त्यांचा एक संच एनएमआरवाले एकत्र ठेवून देतात.